विमानात संकटकालीन दाराजवळ कुणी बसावं? उमऱ्याला निघण्याआधी एवढं वाचा

एसटीच्या बसमध्ये मागच्या बाजूला लाल अक्षरात लिहिलेलं असतं, ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’. बीड ते औरंगाबाद, बीड ते पुणे असा प्रवास करून आपल्या सगळ्यांना ती पाटी तोंडपाठ झाली आहे. पण त्या दाराजवळच्या सीटवर कोण बसलंय, ते दार त्याला उघडता येईल का, असा विचार आपण कधी करत नाही. रुमाल टाकला, जागा धरली, झालं.

विमानात मात्र हा विचार करावाच लागतो. तिथेही असं दार असतं आणि त्याच्या शेजारी जी रांग असते तिला एक्झिट रो म्हणतात. या रांगेत पाय पसरायला जागा जास्त असते. म्हणून कंपन्या तिचे जादा पैसे घेतात आणि गुडघेदुखीवाल्यांना ती हवीहवीशी वाटते. उमऱ्याच्या तयारीच्या दिवसांत आम्हाला पालक, शेजारी, मशिदीतले बुजुर्ग हमखास विचारतात, “सर, अब्बांचे पाय दुखतात, ती पुढची मोकळी सीट मिळेल का?” दुसरा प्रश्न त्याच्या उलट असतो. “आमच्या बाजीला तिथून का उठवलं? पैसे भरले होते ना?”

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. ही रांग आरामासाठी नसते, कामासाठी असते. एसटीत काही सीटा हक्काने राखीव असतात, कुणी महिला म्हणून, कुणी आमदार म्हणून. विमानातली ही रांग जबाबदारी घेणाऱ्यासाठी राखलेली असते.

त्या सीटवरच्या माणसाचं काम काय?

आपल्याकडे देशांतर्गत उड्डाणांना एअरबस ३२० जातीची विमानं खूप वापरली जातात. त्यांना पुढे आणि मागे दारं असतात. ती उघडायला प्रशिक्षित कर्मचारी जवळच बसलेले असतात. पण मध्यभागी, पंखाच्या वर, दोन्ही बाजूंना जी छोटी दारं असतात त्यांच्याजवळ कर्मचारी नसतो. तिथे प्रवासीच असतो. वेळ आली तर ते दार त्यालाच उघडावं लागतं.

काम ऐकायला सोपं आहे. आधी कर्मचाऱ्यांच्या हुकमाची वाट बघायची. मग खिडकीतून बाहेर पाहायचं, आग किंवा धूर नाही ना याची खात्री करायची. बाहेर आग असेल तर दार उघडायचं नाही, लोकांना दुसरीकडे वळवायचं. बाहेर ठीक असेल तर झाकण काढून मुठ ओढायची. एअरबस ३२० मध्ये ही खिडकीसारखी झडप सुटी होऊन हातात येते. तिचं वजन सुमारे १५ किलो असतं, म्हणजे गॅसच्या भरलेल्या सिलिंडरच्या निम्मं. ती बसल्या जागेवरून उचलून बाहेर टाकायची असते. काही नव्या बोइंग ७३७ विमानांत हेच दार बिजागरीवर वर उघडतं, ते जरा सोपं. त्यानंतर स्वतः पंखावर उतरायचं आणि मागच्यांना वाट द्यायची.

आता हे सगळं अंधारात, धुरात, आरडाओरडा चालू असताना करायचं, असं डोळ्यासमोर आणा. मग ही सीट कुणाला द्यावी याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं.

९० सेकंदांचा हिशेब

नव्या जातीचं प्रवासी विमान वापरात येण्याआधी एक कसोटी पार करावी लागते. ४४ पेक्षा जास्त सीटांचं विमान असेल, तर निम्मी दारं बंद ठेवून सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात हे दाखवावं लागतं. ९० सेकंद म्हणजे दीड मिनिट. आमच्या शाळेत घंटा झाल्यावर एक वर्ग रिकामा व्हायलाही कधी कधी याहून जास्त वेळ लागतो.

इतकी घाई कशासाठी? कारण विमानाच्या अपघातात अनेकदा माणसं आदळून मरत नाहीत, धुराने मरतात. २२ ऑगस्ट १९८५ रोजी इंग्लंडमधल्या मँचेस्टर विमानतळावर बोइंग ७३७ विमानाचं इंजिन उड्डाणाआधीच, धावपट्टीवर, फुटलं आणि आग लागली. विमान जमिनीवरच होतं. वैमानिकाने ते थांबवलं. तरीही १३७ पैकी ५५ जण मृत्युमुखी पडले, बहुतेक धुराने गुदमरून. पंखावरच्या दाराशेजारी बसलेल्या प्रवासी बाईला दार कसं उघडायचं ते कळेना. तिने आधी सीटचा हात ओढला. शेवटी दार सुटलं ते आत, तिच्याच अंगावर पडलं. त्या जुन्या दाराचं वजन सुमारे २२ किलो होतं. विमान थांबल्यानंतर ते दार मोकळं व्हायला साधारण ४५ सेकंद गेले.

यात त्या बाईचा काही दोष नव्हता. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. या दुर्घटनेनंतर जगभर दोन गोष्टींवर जोर आला. दाराजवळची जागा मोकळी हवी, आणि तिथल्या प्रवाशाला उड्डाणाआधीच समजावून सांगायला हवं. आज जी जादा जागा पैसे देऊन मिळते, ती मुळात बाहेर पडणाऱ्यांच्या वाटेसाठी सोडलेली आहे.

आपल्या दाराशी घडलेलं

हे इंग्लंडचं झालं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणू नये. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं विमान मुंबईला निघालं. हेही बोइंग ७३७ च होतं. ते धावपट्टीच्या अगदी टोकाला जाऊन उशिरा वर उठलं आणि समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. पुढे विजेच्या तारांना लागून ते कोसळलं. विमानात ११८ जण होते. ५५ गेले, ६३ वाचले. चौकशीत वैमानिकांच्या चुकीबरोबर आणखी एक कारण नोंदवलं गेलं, उड्डाणाच्या वेळी बीड रोडवरची वाहतूक अडवली गेली नव्हती. हा तोच रस्ता, ज्याने आपण औरंगाबादला जातो.

या आकड्यांत एक गोष्ट बघा. विमान ट्रकला धडकलं, तारांना लागलं, कोसळलं, तरी निम्म्याहून जास्त माणसं जिवंत राहिली. ‘विमान पडलं म्हणजे संपलं, मग दाराचं काय घेऊन बसलात’, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. ते खरं नाही. अनेक अपघातांत लोक वाचतात, आणि अशा वेळी दारं किती लवकर उघडतात याला फार किंमत असते.

हाजींच्या घरांना जवळचं वाटेल असं आणखी एक उदाहरण आहे. १९ ऑगस्ट १९८० रोजी सौदी अरेबियाचं १६३ क्रमांकाचं विमान कराचीहून रियाधमार्गे जेद्दाला निघालं होतं. रियाधहून उडाल्यावर सामानाच्या कप्प्यात आग लागली. वैमानिकाने विमान परत आणून सुखरूप उतरवलं. पण दारं वेळेत उघडली गेली नाहीत. इंजिन बंद झाल्यानंतर बाहेरून पहिलं दार उघडेपर्यंत २३ मिनिटं गेली होती. आतले सगळे ३०१ जण मरण पावले.

याच्या उलट २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं. आठपैकी तीनच दारं वापरता आली. तरी आतले सर्व ३७९ जण बाहेर आले. कर्मचाऱ्यांचा हुकूम लोकांनी मानला आणि सामानासाठी वाट अडवली नाही.

नियम काय सांगतो?

अमेरिकेने १९९० मध्ये या रांगेसाठी सविस्तर नियम केला आणि जगातल्या बहुतेक कंपन्यांच्या अटी साधारण त्याच धर्तीच्या आहेत. आपल्या देशातल्या कंपन्यांच्या अटींत वय वगैरेचा थोडा फरक असतो, पण गाभा हाच:

• वय १५ वर्षांपेक्षा कमी नसावं.
• दोन्ही हात, दोन्ही पाय चालते असावेत, अंगात ताकद असावी.
• नजर चांगली हवी. चष्मा चालतो.
• ओरडून दिलेला हुकूम ऐकू यायला हवा. कानाचं यंत्र चालतं.
• कर्मचाऱ्यांची भाषा कळायला हवी आणि इतरांना ओरडून सांगता यायला हवं.
• सोबत लहान मूल किंवा आपल्यावर अवलंबून असलेलं माणूस नसावं.
• आणि शेवटची अट, हे काम करायला मनापासून तयार असावं.

म्हणून गरोदर बाया, मांडीवर बाळ असलेले आईवडील, व्हीलचेअर घेतलेले, नुकतंच ऑपरेशन झालेले आणि ज्यांना सीटबेल्ट वाढवणारा जादा पट्टा लागतो असे प्रवासी, यांना ही सीट देत नाहीत. अमेरिकेच्या नियमात वयाची वरची मर्यादा लिहिलेली नाही. शेतात राबणारा ६० वर्षांचा काटक माणूस चालेल, कंबर धरलेला ३५ वर्षांचा चालणार नाही.

त्याच नियमात एक चांगली गोष्ट आहे. प्रवाशाने ‘मला इथून हलवा’ म्हटलं, तर कर्मचाऱ्याने त्याला कारण विचारायचं नाही. कुणाला पाळीचा त्रास असेल, कुणाला फिट येत असेल, कुणाला नुसती भीती वाटत असेल. चारचौघांत ते सांगायची सक्ती नको, हा विचार त्यामागे आहे.

भाषेचा प्रश्न

आपल्याकडे अनेकांना वाटतं की इंग्रजी येत नाही म्हणून ही सीट आपली नाही. असं सरसकट नाही. देशातल्या उड्डाणांत सूचना हिंदीतही देतात. घरात दखनी उर्दू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या आपल्या माणसाला ‘दार खोलिए, सामान छोड़िए’ हे समजायला काय अडचण आहे? त्याला नीट समजत असेल तर तो पात्र आहे.

पण तोच माणूस मुंबईहून जेद्दाला एखाद्या परदेशी कंपनीच्या विमानाने निघाला आणि तिथे हुकूम फक्त अरबी-इंग्रजीत असतील, तर त्या विमानात तो पात्र नाही. अरबी वाचता येणं वेगळं, धुरात ओरडलेलं अरबी वाक्य समजणं वेगळं. माणूस तोच, विमान बदललं की उत्तर बदलतं. यात कमीपणा काही नाही.

बुरखा, हिजाब आणि मान

आता नाजूक विषय. वरच्या अटींत कपड्यांचा उल्लेख नाही, बाई की पुरुष याचाही नाही. तिशीतली धडधाकट शिक्षिका किंवा नर्स हिजाबमध्ये असेल, सूचना समजत असतील, सोबत मूल नसेल, तर ती या सीटवर बसू शकते. निव्वळ पोशाख पाहून कुणी तिला उठवत असेल तर तिने शांतपणे विचारावं, “कोणती अट मी पूर्ण करत नाही?” हा प्रश्न विचारण्याचा तिला हक्क आहे.

मात्र विमानात शेवटचा शब्द कर्मचाऱ्यांचाच असतो. तिथे हुज्जत घालून उपयोग नाही, उलट तुम्हालाच उतरवू शकतात. जागा बदला, उड्डाणाचा क्रमांक, तारीख, वेळ लिहून ठेवा आणि नंतर कंपनीकडे, तसंच केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा. जादा भरलेले पैसे परत मागा.

पण स्वतःशी प्रामाणिकही राहू या. बाजीला उठवलं तेव्हा तिच्या मांडीवर दोन वर्षांची मुलगी होती का? शेजारी सासूबाई होत्या का, ज्यांना हात धरून चालवावं लागतं? तसं असेल तर ते बुरख्यामुळे झालेलं नाही. नियमाने झालेलं आहे, आणि ते तिच्याच मुलीच्या भल्याचं आहे.

इहरामबद्दल नियमात काही नाही, पण आमचं मत सांगतो. दोन न शिवलेल्या चादरी सांभाळत, पायात चप्पल, अशा अवस्थेत झडप उचलून पंखावर उतरणं अवघड आहे. मुंबईहूनच इहराम बांधून निघणाऱ्यांनी दुसरी सीट घेतलेली बरी.

धाकट्या मुलाची कोंडी

उमऱ्याच्या गटात एक तरुण मुलगा असतो. ताकदवान, शिकलेला, इंग्रजी येणारा. टूरवाले म्हणतात, “याला बसवा एक्झिटला, हा फिट आहे.” कागदावर तो सगळ्या अटी पूर्ण करतो. पण त्याची अम्मी मागे विसाव्या रांगेत बसली आहे, तिला दिसत कमी आहे आणि तिची काळजी घ्यायलाच तो सोबत आला आहे.

वेळ आली तर तो काय करेल? दार उघडेल की अम्मीकडे धावेल? आम्हाला वाटतं, कोणताही मुलगा अम्मीकडे धावेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. पण मग दार कोण उघडणार? तो गर्दीच्या उलट दिशेने मागे जाऊ लागला तर वाट अडेल ती वेगळीच. दाराजवळच्या माणसाची पहिली जबाबदारी अनोळखी लोकांची असते. ज्याच्या गळ्यात आधीच एका जिवाची जबाबदारी आहे त्याने दुसरी घेऊ नये. अशा मुलाची जागा अम्मीच्या शेजारी आहे. तिथे तो जास्त उपयोगी आहे.

अपंगांच्या बाबतीतही असंच समजून घ्यावं. विमान कंपनीने अपंग प्रवाशाला अपंग म्हणून विमानातच न घेणं चुकीचं आहे. मे २०२२ मध्ये रांचीला एका विशेष मुलाला विमानात घेतलं नाही म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने इंडिगोला ५ लाख रुपयांचा दंड केला होता. प्रवासाचा हक्क सगळ्यांचा आहे. ही एक रांग मात्र हक्काच्या यादीत येत नाही.

दार उघडण्याची खोड

चुकीचा माणूस बसला तर दार उघडणार नाही, ही एक भीती. नको तेव्हा उघडेल, ही दुसरी. १० डिसेंबर २०२२ रोजी चेन्नईला उभ्या असलेल्या इंडिगोच्या विमानाचं संकटकालीन दार एका खासदाराच्या हातून उघडलं गेलं. चुकून झालं, असं नंतर मंत्र्यांनी सांगितलं. पण विमानाची पुन्हा तपासणी करावी लागली आणि सगळ्यांना उशीर झाला. जानेवारी २०२३ मध्ये नागपूरहून मुंबईला येणाऱ्या विमानात, उतरण्याच्या वेळी, एका प्रवाशाने या दाराचं झाकण काढायचा प्रयत्न केला. त्याच्यावर मुंबईत गुन्हा नोंदवला गेला.

उंचावर, हवेच्या दाबामुळे, हे दार माणसाच्या ताकदीने उघडत नाही. पण विमान खाली आलं की दाब कमी होतो. २६ मे २०२३ रोजी दक्षिण कोरियात एशियाना कंपनीच्या विमानात, जमीन सुमारे २१३ मीटरवर असताना, एका प्रवाशाने दार उघडलं. आत १९४ प्रवासी होते. विमान सुखरूप उतरलं, पण काही जणांना श्वासाचा त्रास होऊन दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हा ‘बघू तरी काय होतं’ अशी सवय असलेल्यांनी, मग ते शिकलेले असोत की मोठ्या पदावरचे, या रांगेपासून लांब राहावं.

११ए ची गोष्ट

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं १७१ क्रमांकाचं विमान कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी एकच प्रवासी वाचला, आणि तो ११ए या सीटवर, संकटकालीन दाराजवळ होता. तेव्हापासून ११ए ही ‘वाचवणारी सीट’ अशी समजूत पसरली.

असं काही नसतं. प्रत्येक जातीच्या विमानात सीटांची रचना वेगळी. कुठे ११ए दाराजवळ असते, कुठे दारापासून लांब. अपघातही प्रत्येक वेगळा. एका सीटवर भरवसा ठेवण्यापेक्षा बसल्याबरोबर पुढचं आणि मागचं जवळचं दार किती रांगांवर आहे ते मोजा. धुरात दिसत नाही, हाताने रांगा मोजता येतात. हे काम ७० वर्षांची दादीसुद्धा करू शकते.

निघण्याआधी घरात बसून ठरवा

तिकीट काढतानाच टूरवाल्याला किंवा एजंटला स्पष्ट सांगा की गटातल्या बुजुर्गांना आणि मुलांना एक्झिट रो नको. अब्बांना पाय पसरायला जागा हवी असेल तर वाटेकडेची सीट मागा, व्हीलचेअरची मदत तिकिटासोबतच नोंदवा.

तुम्हाला ही सीट मिळाली आणि तुम्ही पात्र आहात, तर कर्मचारी येऊन विचारतील तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून ऐका. नुसती मान हलवू नका. समजलं नाही तर पुन्हा विचारा. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी तिथे पायाशी बॅग ठेवता येत नाही. खजुराचा डबा किंवा जमजमची बाटली असली तरी ती वरच्या कप्प्यात जाईल.

आणि तुम्ही पात्र नसाल, तर स्वतःहून सांगा, “मला दुसरी सीट द्या.” पैसे गेले तर गेले. वर्गात आम्ही मुलांना शिकवतो की उत्तर येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणायला लाजू नये. विमानात हे एक वाक्य वेळेवर बोललं गेलं, तर मागच्या रांगांतल्या कितीतरी अनोळखी माणसांची वाट मोकळी राहते.